टॉवर नवा, फायबर नवं, मग नेटची कंपनी एकच का?

मागच्या दसऱ्याला आम्ही पुण्याजवळ पुनावळ्यात, एका नव्या टॉवरमध्ये राहायला आलो. वास्तुशांत झाली, पाहुणे गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेटसाठी फोन लावायला बसलो, कारण सोमवारपासून बायकोचं वर्क फ्रॉम होम आणि लेकीचा ऑनलाइन क्लास. पहिल्या कंपनीने पिनकोड विचारला, म्हणाले हो सर, तुमच्या एरियात आहे सर्व्हिस, मग बिल्डिंगचं नाव सांगितलं तर दोन मिनिटं होल्डवर ठेवून म्हणाले तिथे आम्हाला परमिशन नाहीये. दुसऱ्यांनी तेच सांगितलं. तिसरा एक लोकल नेटवाला, आमच्या जुन्या घरी सात वर्षं त्याचंच कनेक्शन होतं, तो नाव ऐकल्या ऐकल्याच म्हणाला, "दादा, तिथे नाही होणार, बिल्डरचं टायअप आहे."

मग ज्या कंपनीचं टायअप होतं तिचंच कनेक्शन घेतलं, दुसरं करणार काय. १०० एमबीपीएसचा प्लॅन ९९९ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११७९. रस्त्याच्या पलीकडे पंधरा वर्षं जुनी सोसायटी आहे, तिथे माझा मावसभाऊ राहतो, त्याला तेवढाच स्पीड ५९९ अधिक जीएसटी म्हणजे ७०७ रुपयांत मिळतो. मधे फक्त एक रस्ता. महिन्याला ४७२, वर्षाला ५,६६४ रुपयांचा फरक. आमच्याकडे ३४० फ्लॅट आहेत, सगळ्यांनी हाच प्लॅन घेतला तर वर्षाला १९ लाखांच्या वर जास्तीचे पैसे जातात, एका सोसायटीतून.

ओळखीच्यांत विचारलं तर वाघोलीत हेच, हिंजवडीत हेच, ठाण्याला घोडबंदर रोडवर मित्र राहतो त्याचंही हेच. आणि बहुतेकांची समजूत अशी की फायबर म्हटल्यावर महाग असणारच. तसं अजिबात नाहीये, मावसभावाकडेही फायबरच आहे. पैसे कुठे अडकतात ते समजायचं असेल तर ही वायर घरापर्यंत येते कशी, तिथूनच सुरुवात करावी लागेल.

गेटपासून फ्लॅटपर्यंतचे शंभर मीटर

फायबर म्हणजे काचेचा धागा, साधारण केसाएवढा जाड, त्यातून वीज जात नाही, प्रकाश जातो. कंपनीच्या ऑफिसात एक मोठं मशीन असतं, तिथून एक धागा निघतो आणि शहरभर रस्त्याखालून किंवा खांबांवरून तुमच्या भागात येतो. तिथे एक छोटी डबी लागते, तिला स्प्लिटर म्हणतात. तिला करंट लागत नाही, ती फक्त एका धाग्यातला प्रकाश बत्तीस किंवा चौसष्ट धाग्यांत वाटून देते, आरशाने कवडसे पाडावेत तसं. त्यातला एक धागा तुमच्या घरी येतो आणि भिंतीवरच्या पांढऱ्या डबीत शिरतो. तिच्यावरचा लाल दिवा पेटला की आपण कस्टमर केअरला फोन करतो, कारण लाल दिवा म्हणजे प्रकाश पोचत नाहीये.

आता शहरात रस्त्यावर चार-पाच कंपन्यांचं फायबर असतंच. आमच्या गेटबाहेरच्या खांबावर मी स्वतः चार वेगवेगळ्या कंपन्यांचे जॉइंट बॉक्स मोजलेत. म्हणजे कंपन्या गेटपर्यंत आल्यात. गेटच्या आत, पोडियमखालून, लिफ्टशेजारच्या शाफ्टमधून नवव्या मजल्यावर माझ्या दारापर्यंत जे शंभर-सव्वाशे मीटर आहेत, तिथे एकालाच वाट आहे. सगळी गोष्ट या शंभर मीटरची आहे.

शाफ्ट म्हणजे प्रत्येक मजल्यावर ते जे अरुंद दार असतं ना, ज्याच्या आत वायरी आणि मीटर असतात, ते. आमच्या मजल्यावरचं मी एकदा टॉर्च घेऊन उघडून पाहिलं. एक पीव्हीसी पाइप खालून वर गेलाय, त्यातून एक काळी केबल, ती करड्या रंगाच्या बॉक्समध्ये शिरते, बॉक्सला त्या कंपनीचं छोटं कुलूप, आणि बॉक्समधून चार फ्लॅटना चार पातळ पांढऱ्या वायरी. शेजारी आणखी एक पाइप होता, रिकामा, तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी कोंबलेली. बराच वेळ तिथे उभा होतो. म्हणजे दुसऱ्या कंपनीसाठी जागा आहे, केलेली आहे, वापरायची परवानगी तेवढी नाही.

जुन्या बिल्डिंगमध्ये चॉइस कसा काय होता मग?

जुन्या बिल्डिंगमध्ये कुणी प्लॅन करून चॉइस दिला नव्हता, तो आपोआप तयार झाला. पुण्यात बीएसएनएलची, मुंबईत एमटीएनएलची तांब्याची तार लँडलाइनसाठी आधीच घरात आलेली असायची, त्याच तारेवर पुढे ब्रॉडबँड सुरू झालं. टीव्हीसाठी केबलवाल्याची जाड काळी वायर वेगळी आलेली. नंतर लोकल नेटवाले गच्चीवरून गच्चीवर वायर टाकत खिडकीतून आत आले. दिसायला भयंकर, झाडांवर वेटोळी लोंबतायत, पावसात तुटतायत, पण प्रत्येक घराला किमान तीन वेगवेगळ्या मालकांच्या वायरी. एकाने त्रास दिला की दुसऱ्याला फोन.

नवीन टॉवरमध्ये तांब्याची तार टाकतच नाहीत, गरजच उरली नाही. बावीस मजल्यांच्या टॉवरवर गच्चीवरून खाली वायर सोडायला कुणी देत नाही आणि देऊही नये. राहिला एकच मार्ग, शाफ्ट. आणि सोसायटी रजिस्टर होऊन ताबा मिळेपर्यंत शाफ्ट बिल्डरच्या हातात. बांधकाम चालू असतानाच एखादी कंपनी येते, म्हणते सगळ्या विंगचं फायबरिंग आम्ही आमच्या खर्चाने करतो, क्लबहाउसला आणि सिक्युरिटी केबिनला नेट फुकट, कुठे कुठे दर कनेक्शनमागे काही रक्कमही ठरते, बदल्यात आम्हालाच आत येऊ द्या. बिल्डरचा खर्च वाचतो. कंपनीला शेकडो घरं एका सहीत मिळतात. ज्यांनी महिन्याचं बिल भरायचंय ते तेव्हा अजून सॅम्पल फ्लॅट बघत असतात.

वीजही एकाच कंपनीची असते की, मग नेटचंच काय?

हा प्रश्न आमच्या मीटिंगमध्ये एका काकांनी विचारला आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पुण्यात वीज महावितरणचीच, तिथे आपण कुठे तक्रार करतो चॉइस नाही म्हणून?

फरक असाय की महावितरणला युनिटचा दर स्वतःच्या मनाने लावता येत नाही. महाराष्ट्र वीज नियामक आयोग तो ठरवतो, त्याआधी प्रस्ताव जाहीर होतो, लोकांकडून हरकती मागवतात, सुनावणी होते. दर आवडला नाही तरी तो ठरवणारा कुणीतरी तिसरा बसलेला असतो. ब्रॉडबँडचं तसं नाही. टेलिकॉमची नियामक संस्था म्हणजे ट्राय, आणि ब्रॉडबँडचे दर ट्राय ठरवत नाही, ते कंपन्यांवर सोडलेत. यामागचा विचार चुकीचा नव्हता. कंपन्या भरपूर असतील तर आपापसातल्या चढाओढीनेच दर खाली राहतील, सरकारने कशाला ढवळाढवळ करायची. मोबाइलमध्ये तसं झालंही, २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता यायला लागली, आणि गिऱ्हाईक कधीही जाऊ शकतं ही भीती प्रत्येक कंपनीला असते.

पण आमच्यासारख्या टॉवरमध्ये दर बांधून देणाराही कुणी नाही आणि चढाओढही नाही. विजेला पहिली गोष्ट आहे, मोबाइलला दुसरी आहे, आम्हाला दोन्ही नाही. बाजारावर विश्वास ठेवून दर मोकळे सोडले आणि बाजारच गेटबाहेर उभा आहे.

आणि नुकसान फक्त पैशांचं होत नाही. नोव्हेंबरात आमच्याकडे चार दिवस लाल दिवा होता. माणूस आला, मीटर लावून बघितलं, म्हणाला पॉवरच (म्हणजे प्रकाशच) येत नाहीये, खाली जॉइंट गेलाय, स्प्लायसिंगची, म्हणजे धागे जोडणारी टीम येईल. टीम चौथ्या दिवशी आली. लेकीचे दोन पेपर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर झाले. मावसभावाकडे असं झालं तर दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्याला बोलावतो आणि हे त्याच्या कंपनीला माहीत असतं, म्हणून तिथे संध्याकाळपर्यंत माणूस येतो. आमच्याकडे येणारा मुलगाही बिचारा चांगला आहे, पण त्याच्या एकट्याकडे अशा सहा-सात सोसायट्या दिल्यात.

वायर एकाची, सेवा दुसऱ्याची, हे होऊ शकतं का?

होऊ शकतं, आणि आपल्याच राज्यात विजेच्या बाबतीत झालंय. मुंबईच्या उपनगरांत तारा होत्या रिलायन्सच्या, आता त्या अदानींकडे आहेत. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की टाटा पॉवरलाही तिथल्या साध्या ग्राहकांना वीज विकता येईल. पण टाटांच्या तारा सगळीकडे नव्हत्या. मग २००९ मध्ये वीज आयोगाने मार्ग काढला की तारा त्याच राहू देत, वीज टाटांची घ्या, तारा वापरायचं भाडं तारांच्या मालकाला द्या. लाखो लोकांनी अशी कंपनी बदलली आणि घरातली एक वायर हलली नाही. पुढे त्यावर अधिभार लागले, कोर्टकज्जे झाले, ते सगळं खरं, पण वायर आणि सेवा वेगळी करता येते हे मुंबईकरांनी स्वतःच्या बिलावर पाहिलंय.

टेलिफोनच्या तारेबाबत असाच विचार आपल्याकडे २००४ मध्येच झाला होता. ट्रायने शिफारस केली होती की बीएसएनएल, एमटीएनएलची घरापर्यंतची तांब्याची तार इतर कंपन्यांनाही भाड्याने द्यावी. त्याच वर्षी आलेल्या ब्रॉडबँड धोरणात सरकारने ती गोष्ट घेतली नाही. त्या वेळी घेतली असती तर घरात येणारी शेवटची वायर ही सामायिक गोष्ट असते, ही सवय फायबर यायच्या आधीच लागली असती असं मला मनापासून वाटतं.

आता फायबरमध्ये हे प्रत्यक्षात कसं करायचं, ते जरा नीट समजून घ्या, कारण सोसायटीच्या मीटिंगमध्ये इथेच सगळे गोंधळतात. पाण्याचं उदाहरण घेतो. समजा गच्चीवरच्या टाकीतून एकच मोठा पाइप खाली येतो आणि प्रत्येक मजल्यावर त्याला फाटा फुटतो. या बिल्डिंगमध्ये एका फ्लॅटला कॉर्पोरेशनचं पाणी आणि शेजारच्याला टँकरचं, असं देता येणार नाही, कारण पाइप एकच. पण समजा प्रत्येक फ्लॅटसाठी वेगळा बारीक पाइप थेट खालपर्यंत आणलाय आणि तळमजल्यावर दोन टाक्या आहेत. मग कुणाचा पाइप कुठल्या टाकीला जोडायचा, हा फक्त खाली एक जोड बदलायचा प्रश्न.

फायबरचंही अगदी तसंच. बहुतेक टॉवरमध्ये कंपनी स्वतःचा स्प्लिटर शाफ्टमध्ये मजल्या-मजल्यावर किंवा काही मजल्यांमागे एक असा लावते, हा झाला फाटे फुटलेला पाइप. तिथे एका फ्लॅटची कंपनी बदलायची तर नवी वायर खालपासून ओढावी लागते. त्याऐवजी प्रत्येक फ्लॅटचा धागा थेट तळमजल्यावरच्या एका खोलीत आणला, तिथे एका रॅकवर फ्लॅट नंबरप्रमाणे लावला आणि कंपन्यांना त्या रॅकपर्यंत यायला सांगितलं, तर कंपनी बदलणं म्हणजे एक छोटी वायर एका सॉकेटमधून काढून दुसऱ्यात घालणं, पाच मिनिटांचं काम. शाफ्टमध्ये कुणी चढायला नको, भिंत फोडायला नको. काचेचा धागा स्वतः फार महाग नसतो, खर्च होतो तो ओढायचा आणि जोडायचा, आणि बांधकाम चालू असताना, भिंती उघड्या असताना ओढला तर तोही कमी होतो. हे नकाशातच असायला हवं होतं.

बाहेरच्या देशांत काय झालं

इंग्लंडमधला किस्सा आमच्याशी फार जुळतो. केंट परगण्यात एब्सफ्लीट नावाच्या जागी २००८ मध्ये नवीन वसाहत झाली, तिथे तांब्याची तार न टाकता थेट फायबर दिलं, देशातला तो पहिलाच मोठा प्रयोग. तिकडे बीटी या टेलिफोन कंपनीची तांब्याची तार इतरांना भाड्याने मिळायची, म्हणून बाकी देशात स्वस्त ब्रॉडबँड विकणाऱ्या बऱ्याच कंपन्या होत्या. पण त्यांची सगळी व्यवस्था तांब्यावर बसवलेली. थोड्याशा फायबरच्या घरांसाठी वेगळी सिस्टीम उभी करायची तसदी मोठमोठ्या विक्रेत्यांनी कित्येक वर्षं घेतली नाही. त्यामुळे नुसत्या फायबरवर असलेल्या नव्या घरांत राहणारे लोक जाहिरातीत स्वस्त ऑफर बघायचे आणि फोन केला की तुमच्या पत्त्यावर मिळत नाही. देशातली सगळ्यात आधुनिक वायर त्यांच्या घरात आणि चॉइस सगळ्यात कमी. यातून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, नियमाने दार उघडं असलं तरी आत येणाऱ्याला ते सोपं आणि फायद्याचं नसेल तर कुणी येत नाही. पुढे फायबर देशभर पसरलं तसे विक्रेते आले. आता तर सप्टेंबर २०२४ पासून तिकडे कंपनी बदलताना जुन्या कंपनीशी बोलावंच लागत नाही, नवीन कंपनीच सगळं करते.

अमेरिकेत केबल आणि टेलिफोन कंपन्यांनी अपार्टमेंटच्या मालकांशी असेच एकट्याने आत यायचे करार केले होते. तिथल्या नियामकाने २००७-०८ मध्ये निवासी इमारतींत त्यावर बंदी घातली. मग काय झालं, कंपन्यांनी दुसरी वाट काढली, आम्ही तुम्हाला उत्पन्नातला वाटा देतो, दुसऱ्याकडून असा वाटा घेऊ नका. किंवा बिल्डिंगमधल्या वायरी मालकाला विकायच्या आणि त्याच्याकडून फक्त स्वतःसाठी परत भाड्याने घ्यायच्या. हे बंद करायला २०२२ साल उजाडलं. म्हणून आपल्याकडे करार बघताना "एक्सक्लुझिव्ह" हा शब्द नाहीये एवढ्यावर समाधान मानू नका.

सिंगापूरने मात्र सुरुवातच वेगळी केली. घरापर्यंतचं फायबर एका कंपनीचं, ती स्वतः लोकांना नेट विकत नाही, आणि त्या फायबरवर बाकी सगळ्या कंपन्या सारख्याच अटींवर नेट विकतात. घरात एक सॉकेट असतं, कंपनी कुठली घ्यायची ते तुम्ही ठरवायचं.

आपला कायदा काय म्हणतो?

ट्रायने जानेवारी २०१७ मध्ये बिल्डिंगच्या आतल्या टेलिकॉम सोयींवर शिफारशी केल्या होत्या. त्यात स्पष्ट म्हटलंय की निवासी संकुलं धरून सगळीकडे आतल्या केबल, डक्ट वगैरे कंपन्यांनी एकमेकांना वापरू द्याव्यात, आणि दुसऱ्याला आत येऊ न देणारा करार केला तर ते लायसन्सचं उल्लंघन समजावं. शिफारस म्हणजे कायदा नव्हे, पण नियामकाची भूमिका काय आहे ते यातून कळतं आणि सोसायटीच्या पत्रात याचा उल्लेख करता येतो.

२०२३ चा दूरसंचार कायदा आला, त्यात केबल टाकायचा हक्क भेदभाव न करता आणि शक्यतो कुणा एकालाच न देता द्यावा हे तत्त्व आहे. त्याखालचे राइट ऑफ वेचे, म्हणजे याच हक्काचे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रायने बिल्डिंगना डिजिटल सोयींसाठी स्टार रेटिंग द्यायची पद्धतही आणली, अजून ती ऐच्छिक आहे, पण पुढे घर घेताना लोक विचारायला लागतील अशी माझी आशा आहे. स्पर्धा आयोगाकडे जाता येतं का, तर २००२ च्या स्पर्धा कायद्यात स्पर्धेला मोठी बाधा आणणाऱ्या करारांवर कलम आहे, फक्त एका सोसायटीसाठी ते सिद्ध करणं हे लांबचं आणि खर्चाचं काम.

सेवा खराब असण्याची तक्रार मात्र वेगळी, ती आधी कंपनीकडे, नंबर घेऊन ठेवायचा, मग कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे. ग्राहक आयोगाकडेही जाता येतं, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतो हे स्पष्ट केलंय.

"पण त्यांनी खर्च केलाय, त्यांना पैसे नकोत का कमवायला?"

हवेत की. ज्याने स्वतःच्या पैशाने चार विंगमध्ये फायबर ओढलं त्याचे पैसे सुटलेच पाहिजेत, नाहीतर उद्या कुणी ओढणार नाही. पण ते सुटायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे बाकीच्यांना दार बंद करून आमच्याकडून जास्त घेणं, त्याला शेवट नाही, दहा वर्षांनी खर्च केव्हाच वसूल झालेला असला तरी बिल तेच. दुसरा म्हणजे बाकीच्यांना त्या वायरी भाड्याने देणं, किंवा सोसायटीने ठरलेल्या किमतीला त्या विकत घेणं. माझ्या मते घरापर्यंतची वायर पाण्याच्या पाइपसारखीच बिल्डिंगचा भाग समजून सोसायटीच्या मालकीची असावी.

"दहा कंपन्या आल्या तर शाफ्टचं जंगल होईल"

ही भीती खरी आहे, जुन्या बिल्डिंग बघितल्यावर कुणालाही वाटेल. पण जंगल होतं ते प्रत्येकाने आपापली वायर ओढल्यामुळे. वर सांगितलेला तळमजल्याचा रॅक केला तर शाफ्टमध्ये एकच नीटनेटकी केबल राहते, मग कंपन्या दोन असोत की सहा. ते शक्य नसेल तर दोन किंवा तीन कंपन्या ठरवून घ्या, पाइप कुठला ते लिहून द्या, लेबल लावल्याशिवाय वायर नको म्हणून सांगा. एकावरून दोनवर जाण्यात जेवढा फरक पडतो तेवढा पाचावरून सहावर जाण्यात पडत नाही.

"फाइव्हजी आहे की आता, वायरच कशाला?"

एअरफायबर नावाने जे मिळतं ते हेच, बाहेर अँटेना लावून मोबाइल टॉवरवरून घरात नेट. अडलेल्याला चांगला पर्याय आहे आणि एकट्या कंपनीवर थोडा दबावही येतो. पण टॉवरची क्षमता आसपासच्या सगळ्या मोबाइलवाल्यांत वाटली जाते, रात्री नऊ वाजता सगळे घरी आले की फरक जाणवतो, आणि टॉवरकडे तोंड नसलेल्या फ्लॅटमध्ये सिग्नल कमी. आमच्यात दोन जणांनी लावलाय, बाहेरच्या बाजूच्या फ्लॅटला छान चालतो, आतल्या बाजूला बाल्कनी असलेल्याने महिन्यात काढून टाकला. शिवाय अँटेना बाहेरच्या भिंतीवर लावायला बऱ्याच ठिकाणी बिल्डर परवानगी देत नाही, म्हणजे पुन्हा तेच दार.

आम्ही काय केलं

महाराष्ट्रात ५१ टक्के फ्लॅट बुक झाल्यावर तीन महिन्यांत सोसायटी स्थापन करायचा अर्ज बिल्डरने करायचा असतो. आमची झालेली होती पण कमिटीने या विषयाला हात लावला नव्हता, लिफ्ट आणि गळती यातच सगळे थकलेले. आम्ही सहा जणांनी सह्या गोळा केल्या, दोनशेच्या वर मिळाल्या, आणि बिल्डरकडे लेखी मागणी केली की नेट कंपनीशी जो करार आहे त्याची प्रत द्या. दोन पत्रांना उत्तर नाही, तिसऱ्यात ट्रायच्या २०१७ च्या शिफारशींचा उल्लेख केला, मग प्रत आली.

करार वाचताना तीन गोष्टी बघितल्या. मुदत किती वर्षांची आणि आपोआप वाढते का, कधीपासून सोसायटीला तो बदलता येतो, आणि आतल्या वायरींचा मालक कोण. आमच्यात मुदत पाच वर्षं, त्यातली तीन ताबा मिळण्याआधीच संपलेली. दुसऱ्यांना मनाई असं कुठेही सरळ लिहिलेलं नव्हतं, "पसंतीची कंपनी" एवढंच लिहिलेलं आणि बाकी सगळं तोंडी चालू होतं. तुमच्याकडे असंच असेल तर जनरल बॉडीत ठराव करा की सोसायटीने ठरवलेल्या अटींवर कुठलीही लायसन्सधारक कंपनी येऊ शकते, आणि इस्टेट मॅनेजरला तो ठराव लेखी द्या, कारण गेटवर अडवणारा सिक्युरिटीवाला त्याचंच ऐकतो.

ठराव जानेवारीत झाला. दुसऱ्या कंपनीची माणसं शाफ्ट बघून गेली त्याच आठवड्यात आमच्या जुन्या कंपनीचा मेसेज आला, १०० एमबीपीएस ६९९ अधिक जीएसटी. वायर अजून आलेलीसुद्धा नव्हती.

फेब्रुवारीत बी, सी आणि डी विंगमध्ये त्या रिकाम्या पाइपमधून नवीन केबल वर गेली. स्प्लायसिंगवाला मुलगा पायरीवर मांडी घालून बसला होता, धागा सोलायचा, पुसायचा, मशीनमध्ये ठेवायचा, बारीक ठिणगी, मग पुढचा, दुपारपर्यंत त्याने एका विंगचे सगळे जोड केले. आमच्या ए विंगमध्ये केबल ओढायची स्प्रिंग पाइपातून वर ढकलली तर ती आठव्या आणि नवव्या मजल्याच्या मधे अडकली, बांधकामाच्या वेळी कुणीतरी पाइपात सिमेंट जाऊ दिलंय. आठव्या मजल्यापर्यंतच्या लोकांना आता दोन कंपन्या आहेत. आम्ही नवव्यावर. बिल्डरला पाइप मोकळा करून द्या म्हणून पत्र दिलंय, ठरावाची प्रत आणि शाफ्टचे फोटो जोडलेत.